थोरल्या पोलिसाचे मिटलेले डोळे

माझे वडील, म्हणजे आमचे बप्पा, कुणाला काही विचारत नाहीत. रस्ता विचारत नाहीत, वेळ विचारत नाहीत, औषधाची गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर हेही विचारत नाहीत; जेवता जेवता मध्येच घेऊन मोकळे होतात. एकदा नारायणगडाच्या जत्रेला म्हणून घरातून निघाले आणि बीडच्या स्टँडवर जी एसटी पुढ्यात उभी होती तिच्यात जाऊन बसले. ती निघाली धारूरची. कंडक्टरने तिकीट फाडताना यांच्या ते लक्षात आलं, पण उतरले नाहीत. दुसऱ्या दिवशी घरी आले ते धारूरचा किल्ला कसा पाहण्यासारखा आहे हे सांगतच आले. आईने गडाचा प्रसाद मागितला तर म्हणाले, गड काय पळून जातो का.

बप्पांचं नाव बिभीषण. उंची बेताची, अंगात मांस नावाला, पण चाल अशी की बरोबरच्याने पळावं. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचं स्वतःचं मत असतं आणि ते कुणाला न विचारता तयार झालेलं असतं. मी वडवणीच्या शाळेत मास्तरीण आहे. दिवसभर पोरांना ‘शंका असेल तर विचारा’ असं सांगत घसा कोरडा करते, आणि माहेरी हे. माझा राग त्यांच्यावर नेहमीच असतो. माया त्याहून जास्त आहे, पण ती मी त्यांना सांगत नाही. त्यांनी कधी विचारलेलीही नाही.

बप्पांच्या आयुष्यात एकच माणूस असा आहे ज्याच्याशिवाय त्यांचं पान हलत नाही. तो म्हणजे राधाकिशनकाका. नात्यातले नाहीत, भावकीतलेही नाहीत. दोघांची सावड आहे. सावड म्हणजे काय हे आता ट्रॅक्टरच्या काळात सांगावं लागतं. ज्याच्याकडे एकच बैल आहे त्याने तसाच एक बैलवाला गाठायचा, दोघांनी मिळून एक जोडी करायची, आणि त्या जोडीवर आधी एकाचं रान, मग दुसऱ्याचं रान करायचं. आमचा बैल डाव्या अंगाला, काकांचा उजव्या. पुढच्या वर्षी आधी कुणाचं रान, हे ज्याचं आदल्या वर्षी नंतर झालं त्याचं. कागद नाही, सही नाही, साक्षीदार नाही. मी जन्मायच्या आधीपासून दोघांची ही सावड चालू आहे. तेवढ्या काळात बैल तीनदा बदलले, माणसं तीच राहिली.

दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात आमच्याकडे गावोगाव छावण्या पडल्या होत्या. विहिरी आटलेल्या, कडबा संपलेला. आमच्या गावच्या दूध सोसायटीने माळावर छावणी घातली. तिथे सरकारी चारा-पाणी मिळे, पण जनावराबरोबर घरातलं एक माणूस मुक्कामाला लागे. आमच्या घरून बप्पा गेले, काकांच्या घरून काका. आमचा काजळ्या आणि काकांचा तांबड्या एका दावणीला शेजारी-शेजारी, आणि दोन्ही मालक त्यांच्या पुढ्यात एका बाजेवर. मला उन्हाळ्याची सुट्टी होती म्हणून मी माहेरी आले होते आणि रोज दुपारी भाकरी घेऊन छावणीत जात होते.

लोकांना वाटतं छावणी म्हणजे रडारड. तसं नव्हतं. जनावराला सकाळी चारा, संध्याकाळी चारा, मध्ये पाणी. बाकी वेळ मोकळा. जन्मभर ज्यांना दुपारी पाठ टेकायला मिळाली नाही ते बाप्ये चार महिने नुसते बसून होते. पहिल्या महिन्यात सगळ्यांच्या झोपा झाल्या. दुसऱ्यात सगळ्यांच्या गोष्टी संपल्या. तिसऱ्यात भांडणं सुरू झाली, तेव्हा सोसायटीचे चेअरमन मोहनराव यांनी घरचा जुना टीव्ही आणि सीडीचं मशीन आणून चाऱ्याच्या शेडमध्ये मांडलं. चारा वाटायला पंडित नावाचा गडी होता. त्याच्याकडे टीव्हीचाही ताबा आला. दुपारी बारा ते तीन लाईट असायची, तेवढ्यात एक सिनेमा बसायचा.

सीड्या मोजून पाच. त्यातल्या चार देवादिकांच्या आणि पाचवीवर काही नावच नव्हतं. ती निघाली पोलिसांची. कुठल्या तरी दूरच्या भाषेतला सिनेमा, आवाज हिंदीत घातलेला, त्यामुळे ओठ एक बोलत आणि ऐकू दुसरंच येई. पण सिनेमा झकास होता. दोन पोलीस, एक थोरला, एक धाकटा. दोघं एका मोटरसायकलवर फिरतात, एका ताटात जेवतात, आणि ज्याने अख्खं शहर वेठीला धरलंय अशा एका गुंडाच्या मागावर असतात. शेवटी एका बंद गिरणीत दोघं मिळून त्याला गाठतात आणि तिथेच त्याचा निकाल लावतात. शहरभर आनंदीआनंद. पण कायद्याने तसा निकाल लावायचा नसतो, म्हणून वरचा साहेब चौकशीला येतो. गिरणीत कोण-कोण होतं, असं विचारतो. तेव्हा थोरला पुढे होऊन म्हणतो, मी एकटाच होतो, हा माझ्यासोबत नव्हता. धाकटा तोंड उघडेपर्यंत थोरला जीपमध्ये बसलेलाही असतो. बाहेर लोक त्याच्या नावाचा जयजयकार करतायत, जीपवर हार पडतायत, धाकटा दाराशी तसाच उभा. थोरला मान मागे टेकतो, डोळे मिटतो. संपला सिनेमा.

आता याचा अर्थ काय? त्या शेडमध्ये साठ-सत्तर माणसं होती, आणि मी शपथेवर सांगते, आमच्या कॉलेजात मराठीच्या तासाला कुठल्याही धड्यावर इतकी चर्चा झालेली नाही. निम्मी छावणी म्हणाली, थोरल्याने धाकट्याला वाचवलं. सगळी शिक्षा अंगावर घेतली. उरलेली निम्मी म्हणाली, कसली शिक्षा, हार कुणाच्या गळ्यात पडले बघा की. डोळे का मिटले यावर तर चार-पाच पक्ष झाले. कुणी म्हणालं लाज वाटली म्हणून, कुणी म्हणालं समाधानाने, एकाने तर तो तिथेच मेला असंही सांगून टाकलं.

बप्पांचं मत सगळ्यात कडक. ते म्हणाले, थोरल्याने धाकट्याला वगळलं. दोघांनी मिळून केलेलं काम एकट्याच्या नावावर लावलं आणि वर डोळे मिटून साळसूदपणा केला.

राधाकिशनकाका पान-तंबाखूची चंची सोडत बसले होते. ते सहज म्हणाले, त्याने केलं ते बरोबर केलं.

बस. एवढंच. बप्पांचा चेहरा मी पाहत होते. ते उठले, दावणीला गेले, काजळ्याचा दोर सोडला आणि छावणीच्या पार दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीपलीकडे नेऊन त्याला बांधला. मग परत येऊन बाजेवरची आपली वाकळ उचलली. काका चंची हातात धरून बघत राहिले. सिनेमाच्या शेवटावरून सावड मोडायला निघालेला माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात तोच पहिला असावा.

घरी येऊन मी आईला, साखराबाईला, हे सांगितलं. मला वाटलं ती हसेल. ती भाकरी थापता थापता थांबली.

“सिनेमाचं न्हाई ते,” आई म्हणाली. “मोर्चाचं हाय.”

मोर्चाची गोष्ट मला माहीत होती. आमच्या गावात ती सगळ्यांनाच माहीत आहे. शहाऐंशीच्या दुष्काळात गावाने तहसील कचेरीवर बैलमोर्चा नेला होता. मागण्या दोन, चाऱ्याचा डेपो द्या आणि दूध सोसायटीला मंजुरी द्या. बैलगाड्या कचेरीसमोर सोडल्या आणि माणसं रस्त्यावर बसली. फौजदार एकेकाचं नाव विचारून पोलिसांच्या गाडीत भरू लागला. सतरा जण धरले. तीन दिवस कोठडीत ठेवले, चौथ्या दिवशी सोडले, आणि दोन्ही मागण्या मान्य झाल्या. सतरा जण गावात आले ते ट्रकमधून, गुलालाने माखून, पुढे हलगी लावून. आज सोसायटीच्या कचेरीत त्या सतरा जणांच्या नावांची पाटी आहे. दर वर्षी सर्वसाधारण सभेत त्यांना नारळ मिळतो. मोहनराव त्यातलेच, राधाकिशनकाकाही त्यातलेच.

बप्पा नाहीत. फौजदार त्यांच्यापुढे आला आणि हाही तुमच्यातलाच का, असं त्याने शेजारच्या काकांना विचारलं. काका म्हणाले, हा माझ्यासोबत नाही साहेब, हा आपला बाजाराला आलाय. बप्पा काही बोलायच्या आत हवालदाराने त्यांना बाजूला ढकललं. ते एकटे दोघांच्या बैलांची गाडी घेऊन घरी आले.

ही गोष्ट मी आजवर वेगळ्याच तोऱ्यात सांगत आले होते. कारण त्या मोर्चानंतर पाचव्या दिवशी माझा जन्म झाला. सगळं गाव म्हणायचं, बायको नवव्या महिन्यात आहे म्हणून राधाकिशनने जोडीदाराला सोडवलं. म्हणजे माझ्यामुळे. शाळेत कुणी माझी टर उडवली की मी सांगायचे, मी जन्मायच्या आधी बापाला तुरुंगातून सोडवलंय. मला लहानपणी ‘मोर्चाची पोर’ म्हणत आणि मी त्यावर फुशारत असे. बप्पांना त्या गोष्टीचा त्रास होत असेल, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. खरं तर यायला हवं होतं. सर्वसाधारण सभेच्या दिवशी बप्पांना नेमकं रानात काम निघायचं. सोसायटीच्या कचेरीत ते जायचे, पण त्या पाटीकडे पाठ करून बसायचे.

“तुमी दोघांनी कधी इचारलं का न्हाई काकांना?” मी आईला म्हणाले.

“इचारायचं ज्याचं त्यानं,” आई म्हणाली. “आन् ह्यांचं तर तुला ठावंच हाय.”

दुसऱ्या दिवसापासून छावणीत दोन टोकं झाली. सिनेमात असतं तर दोन्ही बैलांनी वैरण सोडली असती, डोळ्यांतून पाणी काढलं असतं. आमच्या बैलांनी तसलं काही केलं नाही. काजळ्या तिकडे मजेत चरत होता, तांबड्या इकडे. उपाशी राहायला लागले ते मालक. काकांच्या डब्यातलं पिठलं बप्पांना लागायचं आणि बप्पांच्या डब्यातला ठेचा काकांना. आता दोघंही आपापला डबा अर्धा परत धाडू लागले. काकांना भांडण कशाचं ते कळलंच नव्हतं. त्यांनी दोनदा पंडितला पाठवून चौकशी केली. बप्पांनी त्याला दोन्ही वेळा सिनेमाचा शेवट समजावून सांगून परत पाठवलं.

मला हसू येत होतं ते पाचव्या दिवशी थांबलं. त्या दिवशी वडवणीचा बाजार होता. मी सकाळीच छावणीत गेले तर बप्पा काजळ्याच्या शिंगांना तेल लावत होते. बाजारात नेतो, म्हणाले. विकतो.

आता यात काय होतं ते सांगते. एकट्या बैलाने पेरणी होत नाही. काजळ्या गेला की काकांचा तांबड्या रिकामा, आणि काकांनी दुसरा जोडीदार शोधायचा म्हटलं तर गावात बैलवाले उरलेत कोण? म्हणजे दोघांचीही शेती ट्रॅक्टरवाल्याच्या दारात. पण तेही जाऊ द्या. मला दिसत होतं ते वेगळंच. बैल गेला की या दोघांना एकमेकांकडे जायला काही कारणच उरणार नव्हतं. हे दोघे एकमेकांना ‘ये बस’ म्हणणारे नव्हेतच. बैल होता म्हणून दोघं होते.

दोन कोसांचा रस्ता. बप्पा काजळ्याचा कासरा धरून पुढे, मी मागून चपला फरफटत. मी सगळे मुद्दे मांडले. सत्तावीस वर्षांपूर्वीचं काय घेऊन बसलात, मी म्हणाले. त्याच वेळी मी जन्मले आणि मी आता पोरांना शिकवते, इतका काळ झालाय, म्हणाले. बप्पा म्हणाले, ट्रॅक्टर बरा. मी म्हणाले, ट्रॅक्टरला तुम्ही आजवर किती शिव्या घातल्यात ते मला पाठ आहे. ते म्हणाले, ट्रॅक्टर निदान बोलत नाही.

अर्ध्या वाटेवर मागून हाक आली. राधाकिशनकाका येत होते, जवळजवळ पळत, आणि त्यांच्या हातात तांबड्या. उन्हाने तोंड लाल झालेलं, पटका खांद्यावर आलेला. ते आमच्यापर्यंत पोचले, श्वास घ्यायलाही थांबले नाहीत. तांबड्याचा कासरा त्यांनी बप्पांच्या रिकाम्या हातात दिला.

“एकल्याला इकू नको,” काका म्हणाले. “जोडी ने. हा दुसऱ्याच्या बैलासंगं चालायचा न्हाई, आन् म्या दुसऱ्यासंगं सावड करायचो न्हाई.”

आणि ते वळले. खरोखर वळले आणि गावाकडे चालू लागले. हातवारे नाहीत, आवाज चढवणं नाही. बैल दिला आणि चालले.

बप्पा दोन्ही हातांत दोन कासरे धरून रस्त्यात उभे. मी त्यांना रागावलेलं पाहिलंय, आजारी पाहिलंय, माझ्या लग्नात रडलेलंही पाहिलंय. पण आता काय करावं हे न सुचलेले बप्पा मी पहिल्यांदा पाहिले. काका दहा-वीस पावलं गेले असतील. तेव्हा माझ्या वडिलांनी, माझ्या समोर, जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी प्रश्न विचारला.

“राधाकिशन,” बप्पा म्हणाले. “कावून म्हनला व्हतास बे तू तसं?”

काका थांबले. “कवा?”

“मोर्चाला. फौजदाराला. ह्यो मह्यासंगं न्हाई म्हनून.”

काका आठवत राहिले. मला ते आठवणं बघवेना. ज्या वाक्याने इकडे एका माणसाच्या काळजात सत्तावीस वर्षं घर केलं होतं, ते तिकडे दुसऱ्याला शोधून काढावं लागत होतं. मग त्यांना सापडलं.

“आरं, बैल व्हते ना संगं,” काका म्हणाले.

बप्पांनी हातातल्या दोन्ही कासऱ्यांकडे पाहिलं.

“दोघंबी आत गेलो आसतो तर बैल कोनी आनले आसते? त्या गर्दीत? पानी कोनी दाखवलं आसतं?”

“दिले आसते कुनाच्या बी हातात,” बप्पा म्हणाले. “लई मानसं व्हती.”

“कुनाच्या?” काकांनी विचारलं. त्यांना खरंच कळत नव्हतं. “महा बैल म्या आजवर तुह्याबिगर कुनाच्या हातात दिलाय का बे?”

इथे मी मध्ये पडले. पडायला नको होतं, पण माझाही प्रश्न होता. मी म्हणाले, काका, आई नवव्या महिन्यात होती म्हणून नाही का तुम्ही बप्पांना सोडवलं? काकांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि अपराधी चेहऱ्याने सांगितलं की ते त्यांना तेव्हा माहीतच नव्हतं, परत आल्यावर बारशाला बोलावलं तेव्हा कळलं. झालं. माझी सत्तावीस वर्षांची फुशारकी दोन बैलांनी खाल्ली. आणि त्यावर बप्पा हसले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग हसता हसता त्यांना रस्त्याच्या कडेला दगडावर बसावं लागलं. काकाही येऊन शेजारी बसले. बैल उभे राहून आमच्याकडे बघत होते. मला राग आला होता, पण मीही हसत होते.

हसू ओसरल्यावर बप्पांनी आणखी एक प्रश्न विचारला. एकदा सवय लागली की सुटत नाही.

“मंग सांगितलं का न्हाईस इतकी वर्सं?”

“तू इचारलं का?” काका म्हणाले. आणि खाली बघत, हळू आवाजात म्हणाले, “तीन दिस त्या कोठडीत सोळा मानसं जागी व्हती. जनावराचं काय झालं आसंल, कोनी सोडलं आसंल का, ह्याच काळजीत. मोहनरावाला इचार पायजे तर. म्या तेवढा निवांत झोपलो. बैल तुह्याकडं हायेत म्हनून.”

बप्पांनी दोन्ही कासरे एका हातात घेतले आणि दुसऱ्या हाताच्या बाहीने तोंड पुसलं. माझ्याकडे ते बघत नव्हते, म्हणून मी त्यांच्याकडे नीट पाहू शकले. सोडून दिलेला माणूस म्हणून ते सत्तावीस वर्षं जगले होते. तो सगळा काळ ते कुणाचे तरी एकमेव भरवशाचे माणूस होते, आणि हे त्यांना वडवणीच्या रस्त्यावर एका दगडावर बसून कळलं. मला इतका आनंद झाला की मी काकांच्या पाया पडले. त्यांनी विचारलं, आता हे कशाला?

बाजार राहिला. आम्ही पाचही जण, तीन माणसं आणि दोन बैल, छावणीत परत आलो. काजळ्या आपल्या जुन्या जागी तांबड्याच्या डावीकडे जाऊन उभा राहिला. केसरकाकूंनी, म्हणजे काकांच्या मंडळींनी, त्या दिवशी पिठलं दुप्पट धाडलं. ते त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे.

दुपारी लाईट आल्यावर पंडितने तीच बिननावाची सीडी लावली. देवादिकांच्या चारही बघून लोक दमले होते. शेडमध्ये पुन्हा सगळे जमले. बप्पा पुढच्या रांगेत, काका त्यांच्या शेजारी उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, म्हणजे वाढ्यांच्या, ढिगाला टेकून. गिरणी आली, गुंड मेला, साहेब आला. हा माझ्यासोबत नव्हता, असं थोरला म्हणाला. जीप, हार, धाकटा दाराशी. थोरल्याने मान मागे टेकली आणि डोळे मिटले.

पंडितने तिथेच चित्र थांबवलं. छावणीत बातमी केव्हाच पसरली होती. त्याने मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “बोला बप्पा. आता काय म्हनता शेवटाला?”

बप्पा टीव्हीजवळ गेले. थोरल्याच्या तोंडावर त्यांनी बोट ठेवलं, मी फळ्यावर ठेवते तसं.

“हे बघा,” बप्पा म्हणाले. “लाज न्हाई, समाधान न्हाई, आन् मेलेला तर न्हाईच. ह्येला झोप आलीय. मागं आपलं मानूस हाय, ते सगळं बघंल, आसं ज्याला ठावं आसतं त्यालाच आशी झोप येती. ह्यो त्या धाकट्यावर समदं सोडून चाललाय. त्या येड्याला तेवढं कळंना.”

मागून कुणीतरी म्हणालं, बरोबर आहे. मग दुसराही म्हणाला. माझ्या आजवरच्या नोकरीत मी इतका चांगला अर्थ कुठल्याच धड्याचा ऐकलेला नाही, आणि हे मी बप्पांची मुलगी म्हणून सांगत नाही. मोहनराव तर उठून उभे राहिले. कोठडीत राधाकिशन खरंच घोरत होता आणि आम्ही सगळे त्याच्यावर चिडलो होतो, असं त्यांनी सांगितलं.

काका काय म्हणतात ते ऐकायला सगळे वळले. वाढ्यांच्या ढिगावर मान मागे टाकून, तोंड अर्धवट उघडं ठेवून काका झोपले होते. सकाळी त्यांनी दिलेला तांबड्याचा कासरा अजून बप्पांच्याच खांद्यावर होता.

पंडितने चित्र पुढे सोडलं, जयजयकार पुन्हा सुरू झाला, तर बप्पांनी त्याला आवाज कमी करायला सांगितला.